नऊ पॅराबोला, एक फर्मा

विश्वातली यच्चयावत हालचाल फंक्शनमध्ये मांडता येते, असं सुलक्षणा परबचं ठाम मत होतं. साकीनाक्याच्या स्टॉपवर बस कधी येणार, एवढं सोडून.

शनिवारी घाटकोपरच्या एका क्लासात तिचा नमुना तास होता. मुलांना कळलं तर नोकरी, नाहीतर पुन्हा दहिसरला मामाच्या दुकानात. गुरुवारी त्या स्टॉपवर ती ग्राफपेपरवर काढलेले नऊ पॅराबोला, वाटीसारखे वक्र, पाठ करत उभी होती, तेव्हा तो कागद उडाला आणि समोरच्या वर्कशॉपात जाऊन पडला.

तो घेऊन आला गिल्बर्ट. मरोळ गावचा, साचे बनवणारा. त्याने कागद बराच वेळ पाहिला.

"हे नऊ कशाला काढलेत, मॅडम? एकच तर आहे."

गणितातली पहिल्या वर्गाची बी.एस्सी. दुखावली. प्रत्येकाचं समीकरण वेगळं असतं, असं तिने सुनावलं आणि आलेल्या बसमध्ये चढली.

शुक्रवारी तो पॅराबोलाच्या आकारात कापलेला पत्र्याचा फर्मा घेऊन स्टॉपवर हजर. बाकावर ग्राफपेपर पसरून त्याने फर्मा वर सरकवला... अधिक तीन. उलटा धरला... ऋण चिन्ह. मग दोन घरं उजवीकडे नेला.

"पण कंसात तर वजा दोन आहे," ती हळूच म्हणाली. हा प्रश्न तिने कॉलेजात तीन वर्षं गिळला होता. "मग उजवीकडे का?"

"कंसात शून्य व्हायला एक्सला दोनपर्यंत चालत यावं लागतं ना."

नवाच्या जागी असंख्य पॅराबोला तिला दिसू लागले — नाक्यावर, छपरांवर, आभाळभर — आणि सगळ्यांचा चेहरा एकच. सगळ्यांच्या मागे ग्रीसने काळे झालेले दोन हात. दोन बस येऊन गेल्या. त्या मात्र दिसल्या नाहीत.

शनिवारी गिल्बर्टने सोबत दिलेला फर्मा क्लासच्या फळ्यावर फिरला. मागचा बाकसुद्धा जागा राहिला. नोकरी मिळाली, आणि संध्याकाळी ती हे सांगायला मुद्दाम साकीनाक्याला उतरली.

"आणि सरळ रेषेला हा फर्मा चालतो?" गिल्बर्टने विचारलं.

"नाही. तिचं घराणं वेगळं."

"आपलंपण वेगळं. तू परब, मी परेरा." तो थांबला. "पण भेटतात का कधी... ती दोघं?"

"रेषा कुठे काढली, त्यावर आहे."

"मग काढ ना."

तिने बाकावर ग्राफपेपर पसरला, त्यावर फर्मा ठेवून पॅराबोला काढला. मग रेषा ओढली; ती सरळ आली आणि त्याला दोनदा छेदून गेली.

"एकदा भेटली असती तरी चाललं असतं," तो म्हणाला.

"मला नसतं चाललं."

मग गिल्बर्टने घसा साफ केला.

"एक मागू?"

"माग."

"फर्मा परत दे. सुकटीच्या डब्याचं झाकण कापून केलाय तो. मम्मा म्हणते, अर्धं तर अर्धं, पण झाकण आण... मांजर डब्यापासून हटत नाही."