क्रेनच्या केबिनमधून

आमची ओळख झाली ती मी त्याची सायकल आभाळात नेली म्हणून. मी बंदरात क्रेन चालवते. धक्क्यावर गोण्यांना टेकवलेली सायकल जाळ्यात अडकली आणि गोण्यांबरोबर वर निघाली. खाली सायकलचा मालक, फेरीबोट चालवणारा तरुण सारंग, जोरजोरात हात हलवत होता. मला वाटलं, ओळख दाखवतोय. मीही हलवला.

सायकल उतरवून माफी मागायला गेले, तर स्वारी हसत होती.

"हिला वरून काय काय दिसलं असेल, नाही?"

"तुमच्यापेक्षा जास्त," मी म्हटलं... आणि तिथंच फसले.

किती उंचीवरून किती लांबचं दिसतं, हा हिशेब त्यानंच शिकवला. पाण्यापासून डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, साडेतीननं गुणायचं. साधारण तितके किलोमीटर क्षितिज लांब. शिकवताना त्याची नजर क्षितिजावर कमी आणि माझ्यावरच जास्त असायची. मला ते आवडायचं.

घरी मात्र घोडं अडलं. बाबा शिंपी. त्यांचा धाकटा भाऊ बोटीवर गेला तो परत आलाच नाही. धक्क्यावरून बोट दिसेनाशी होईपर्यंत बाबा पाहत राहिले होते. "डोळ्याआड होणारा जावई मला नको," एवढंच म्हणाले आणि मशीन चालवू लागले. त्यांचं दुःख खरं होतं, म्हणून भांडताही येईना. नुसती रडले.

मग एका सकाळी केबिनमध्ये बसल्या बसल्या हिशेब आठवला. धक्क्यावर डोळे पाण्यापासून चार मीटर, म्हणजे क्षितिज सातच किलोमीटरवर. माझी केबिन छत्तीस मीटर उंच — म्हणजे एकवीस! आणि फेरी जाते ते बेट? अठरा.

मुकादमाची परवानगी काढून बाबांना वर नेलं. गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडत चढले. फेरी सुटली तशी त्यांनी केबिनमधली दुर्बीण डोळ्यांना लावली ती काढलीच नाही. मधूनच पुटपुटायचे, दिसतेय... अजून दिसतेय.

"लागली गं बेटाला," शेवटी म्हणाले. दुर्बीण खाली ठेवून डोळे पुसले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण शिंपीच तो, शिवण ओढून पाहिल्याशिवाय कसा सोडेल?

"आणि तुझ्या सुट्टीच्या दिवशी त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

"त्या दिवशी मी त्याच्याच फेरीत असेन, बाबा."

बाबांनी दुर्बीण पुन्हा उचलली.

"मग त्या दिवशी वर मी बसेन," ते म्हणाले.