अर्ध्या मशीनचे कपडे

"दोन चादरींसाठी एवढं मोठं मशीन? आणि तेही गरम पाण्यात?"

मी दचकलेच. इमारतीच्या तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत सकाळी सातला कुणी असेल असं वाटलं नव्हतं. बाहेर धुकं दाटलेलं, माझी बोटं गारठलेली... आणि हा माणूस मशीनच्या मागून, हातात पाना घेऊन, मलाच जाब विचारत होता.

"तुम्ही कोण?"

"मेकॅनिक. तिसऱ्या मजल्यावर नवीन आलोय. मशीन दुरुस्त करणं हा धंदा आणि लोकांना टोकणं ही सवय."

"सवय बदला मग."

"बदलतो. पण आधी ऐका. कपडे धुण्यापेक्षा पाणी तापवायलाच जास्त वीज जाते. डागांवर साबण चोळा, अर्धा तास भिजवा, थंड पाण्यातही निघतात. आणि मशीन भरल्याशिवाय लावायचं नाही."

"माझं अर्धंच भरतं."

"माझंही," तो म्हणाला, आणि मग उगाचच पान्याकडे बघत राहिला.

मला राग आला होता, खरंच. तरी जिना चढताना ओठांवर हसू कसलं होतं, ते मला सांगता येणार नाही.

आमच्या घरात मी आणि आई, दोघीच. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिच्या चादरी रोज बदलाव्या लागत. मी घरी बसून छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका शोधायचे, आणि मधल्या वेळात धुणं. आता ते धुणं मेकॅनिकबरोबर होऊ लागलं. दर तीन दिवसांनी माझं अर्धं मशीन आणि त्याचं अर्धं मशीन. स्पिन दोनदा फिरवायचा, मग ओझं उचलून गच्चीवर. थंडीत तिथं अकराला ऊन यायचं आणि तीनला निघून जायचं. तेवढ्यात कपडे वाळवायचे तर दोन कपड्यांत वीतभर अंतर हवं, आणि एक वाजता सगळे उलटे करायला हवेत. ड्रायरचं नाव काढलं की तो असा चेहरा करायचा, जणू मी त्याच्या घरच्यांना काही बोलले.

"तुमचा शर्ट माझ्या चादरीत गुंडाळून निघालाय," मी एकदा म्हटलं.

"थंडी वाजली असेल त्याला."

"आणि चादरीचं काय?"

"चादरीनं काही तक्रार केलीय का?" त्यानं विचारलं. मी चिमटे शोधायला खाली वाकले. चिमटे माझ्या हातातच होते.

आईला सगळं समजायचं. पडल्या पडल्या विचारायची, "थंडपाणीवाला आला होता का गं?"

"आई, तो कुठं येतो? मीच जाते."

"तेच विचारतेय," ती म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून हसायची.

ऐन थंडीत, एका पहाटे, आई गेली.

दहा-बारा दिवसांनी मी तळघरात उतरले तेव्हा टोपलीत माझे तीन कपडे होते. एका माणसाचे कपडे ते किती होणार? मेकॅनिकनं टोपलीत डोकावून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "घाई नाही... पंधरा दिवसांनी लावू आता. साठू देत." मायेनंच म्हणाला, पण मी मनातल्या मनात दिवस मोजू लागले. कारण महिनाअखेर दादा मला न्यायला येणार होता, त्याच्या गावी, कायमची. एकटीनं राहायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. पंधरा दिवसांनी म्हणजे आता फक्त एकदाच.

म्हणून मी कपाटातल्या घडीच्या, धुतलेल्या चादरी बाहेर काढल्या. तीन दिवसांनी टोपली गच्च भरून खाली नेली. पुन्हा तीन दिवसांनी. वीज, पाणी, त्यानं शिकवलेलं सगळं सगळं वाया घालवत होते मी, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

तिसऱ्या खेपेला तो मळकं पाणी बाहेर सोडायच्या नळीजवळ उकिडवा बसला. "पाणी स्वच्छ येतंय," तो म्हणाला.

"धूळ बसली होती नुसती."

त्यानं मान हलवली. त्या दिवशी गच्चीवर तो एक शब्द बोलला नाही. चोरी पकडली गेली, असंच मला वाटलं.

पुढच्या वेळी काहीतरी खरोखर मळलेलं न्यायला हवं होतं. घरात तसं एकच होतं. आईची शेवटची चादर. ती मी धुतली नव्हती. उशीखाली ठेवली होती. तिला गुडघ्याच्या मलमाचा आणि आईचा वास होता. मी ती टोपलीत टाकली. घाईघाईत, बाकीच्यांवर.

मशीन फिरू लागलं. काचेतून ती चादर एकदा वर आली, भिजलेली, आणि मग मला कळलं मी काय केलं.

"थांबवा," मी म्हटलं. "मशीन थांबवा..."

त्यानं बटण दाबलं. पाणी निघून दार उघडेपर्यंत दोन मिनिटं गेली. मी चादर ओढून काढली, तोंडाला लावली. साबणाचा वास. नुसता साबणाचा. मी तिथंच ओल्या जमिनीवर बसले आणि रडत राहिले.

तो शेजारी बसला. मग म्हणाला, "माझ्या लक्षात आलं होतं. पाणी स्वच्छ आलं तेव्हाच. दोन वर्षांची सवय... आईंच्या आठवणीनं चादरी धुताय. म्हणून मी गप्प राहिलो."

"कशाबद्दल गप्प?"

"लग्नाचं विचारणार होतो तुम्हाला." तो हातातली चिंधी पिळत होता. "पण एवढ्या दुःखात माणसानं असलं काही विचारावं? त्यात तुम्ही दादाकडे जाणार, असं इमारतीत ऐकलं. मग मी लांबच्या कारखान्यातली नोकरी घेतली. दोन वर्षांचा करार. काल सही करून बसलो. परवा निघायचंय."

काल. मी ओली चादर मांडीवर ओढली.

"त्या चादरी आईसाठी नव्हत्या," मी म्हटलं. "तुमच्यासाठी होत्या. महिना संपायच्या आत तुम्ही भेटावं म्हणून."

"आणि ही?"

"हीसुद्धा. तुमच्याबरोबर अजून एक तास मिळावा म्हणून आईचा तेवढा वास मी धुऊन टाकला."

त्यानं चादरीचं दुसरं टोक हातात घेतलं.

"मी दादाकडे जाणार नाही," मी म्हणाले. "इथंच राहीन."

"माझी वाट बघू नका, असं मी म्हणायला हवं."

"म्हणा मग."

"नाही म्हणवत," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला आणि दुपारी दादा माझं सामान न्यायला आला. मी दारातच सांगितलं की मी येत नाही, आणि पुढचं काही बोलायच्या आत रडू फुटलं. दादानं मला जवळ घेतलं. "आईची आठवण येतेय ना? रड, मोकळी हो," तो म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावरून मान वर केली. "दादा," मी म्हणाले, "मी दोघांसाठी रडतेय."