काचेवर नाही, फिल्मवर नाही

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या आपल्या फोटोच्या दुकानात हर्षा सकाळीच स्कॅनरची काच पुसून ठेवायची. निगेटिव्हवर धुळीचा कण राहिला की फोटोत तिथे पांढरा डाग उमटतो आणि गिऱ्हाईक दुकानाला नावं ठेवतं. म्हणून ती आधी मऊ ब्रश फिरवायची, मग हवा मारायची.

राजुरीच्या सयाजीने आणलेल्या निगेटिव्हचा डाग मात्र काही केल्या जाईना. नेमका फोटोतल्या बाईच्या चेहऱ्यावर.

फोटो चाळीसेक वर्षांपूर्वीचा, घरच्या माणसांचा. पुढे खुर्चीत सयाजीची आई, मांडीवरच्या बाळाला दोन्ही हातांनी धरून बसलेली. बाळ म्हणजे सयाजीच. तो अंगावर पीत असतानाच ती गेली. तिचा चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता. आळे गावातल्या एका जुन्या फोटोग्राफरच्या घरी निगेटिव्ह सापडली, तेव्हा आई ओळखून दाखवायला तो थोरल्या चुलत्याला, सावळेरामला, घेऊन आला होता.

"ताई, पोरीच्या लग्नाआधी घरात आईचा फोटो लागला पायजे. बाकीचे समदे पुसले गेले तरी चालतील. आमचं काकासुदिक!"

सावळेराम हसला नाही. फोटोत तो तिच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभा होता.

"लई लाजरी व्हती," तो म्हणाला. "थोरल्या दिराला तोंड दाखवायची न्हाई. न्हाई आला चेहरा, तर ऱ्हाऊ द्या."

"कशानं गेल्या, बाबा?"

"रातच्याला निजली, ती उठलीच न्हाई."

हर्षाने निगेटिव्ह फिरवून ठेवली. डाग काचेवर असेल तर जागचा हलणार नाही, फिल्मवर असेल तर तिच्याबरोबर फिरेल. डाग फिरला. म्हणजे फिल्मवरच होता. तिने फिल्म भिंगाखाली धरली. चेहरा अगदी स्वच्छ होता.

मग तिने पडद्यावर तो डाग मोठा केला. धूळ नव्हती. उभे-आडवे धागे होते.

कापड.

सावळेराम तंबाखू थुंकायला बाहेर गेला. तिने पुन्हा स्कॅन केलं.

चेहरा आला. कपाळभर कुंकू, नथ, सयाजीसारखीच खळीची हनुवटी. ती थेट समोर बघत होती.

"छापा," सयाजी कसाबसा म्हणाला. "लगेच छापा, ताई."

प्रिंटरमधून कागद हळूहळू सरकू लागला. केस आले. कुंकू आलं. डोळे आले.

"काका! या लवकर! आई आली बघा!"

सावळेराम दारात येऊन थांबला.

प्रिंटर चालूच होता. डोळ्यांखाली नाक आलं नाही. पांढरं कापड आलं, घट्ट ताणलेलं.

सयाजीने कागद उचलला. "ह्ये काय झालं, ताई? आणि ही वर कुठं बघाय लागली?"

हर्षाने निगेटिव्ह काढून दिव्यासमोर धरली. कापड आता फिल्मवरही होतं. त्यावर दाबलेली बोटं होती.

आईचे दोन्ही हात बाळाला धरून होते.

खुर्चीमागच्या माणसाच्या हाताची घडी सुटली होती.

"काय दिसतंय, ताई?"

हर्षाने दाराकडे पाहिलं. सावळेरामने उजवा हात हळूच सदऱ्याच्या खिशात घातला.