जिन्याखालची ठकठक

दुपारी तीनच्या सुमाराला छापखान्याचा माणूस एक जाडजूड पाकीट चुकून बिनतारीच्या घरी टाकून गेला. बिनतारी हे काही तिचं खरं नाव नव्हे. गल्लीतली बातमी तारेशिवाय चार घरं पलीकडे पोचवते म्हणून पडलेलं नाव, आणि तिला त्याचा राग नव्हता. पाकीट शेजारच्या ताईंचं होतं, त्यांच्या नव्या पुस्तकाची तपासायला आलेली पानं. ताई भुतांच्या गोष्टी लिहीत. आता पाकिटाचा डिंकच सुटलेला, त्यात हिचा काय दोष? उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि ती खालीच बसली. यात भूत नव्हतं. एक घड्याळजी होता, गावभर भला माणूस म्हणून नावाजलेला. आणि त्याची मुलगी होती, जरा उलटून बोलली की जिन्याखालच्या अडगळीत कोंडली जाणारी.

तिनं पाकीट पुन्हा चिकटवलं आणि शेजारी गेली.

ताईंचा थोरला भाऊ आलेला होता. मास्तर. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी आवाज अजून वर्गातलाच.

"हे छापायचं नाही," तो म्हणत होता. "मेलेल्या बापाची अब्रू काढून तुला काय मिळणार?"

"जिवंतपणी काढायची छाती नव्हती, म्हणून तर भुतं लिहिली," ताई म्हणाल्या. "वीस पुस्तकं लिहिली, दादा. पुरे झाली भुतं."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे ह्या काय, दारातच उभ्या आहेत. विचार त्यांना. वाचलं असेलच."

"छे हो, मी कशाला..." बिनतारी म्हणाली. "दुसऱ्या प्रकरणापर्यंतच."

ताई हसल्या. मास्तर हसला नाही.

ताईंची एक रीत होती. बिनतारीला ती ठाऊक होती, कारण ताई अजून बापाच्याच घरात राहत आणि जिन्याखालची ती अडगळ बिनतारीच्या मोरीच्या भिंतीला लागून होती. कुठलीही गोष्ट छापायला जाण्याआधी ताई त्या अडगळीत शिरत, दार ओढून घेत आणि अंधारात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं सांगत. लहानपणी आत बोलायला कोणी नसायचं, म्हणून अंधाराशी बोलायची सवय लागली. मग अंधारात कोणीतरी ऐकायला लागलं. गोष्टीत एखादी जागा आली की तिथं लाकडावर ठकठक होई. ही जागा त्याला नको आहे, असं समजून ताई तेवढं खोडून टाकत. बिनतारीनं भिंतीपलीकडून ती ठकठक कितीदा तरी ऐकली होती, आणि उंदीर असतील म्हणत भांडी घासत राहिली होती.

"आज शेवटचं प्रकरण," ताई उठल्या. "आज कितीही ठोकलं तरी एक अक्षर खोडणार नाही. दादा, ऐकायचं तर बस. नाहीतर वाट मोकळी आहे."

ताई अडगळीत शिरल्या आणि दार लागलं. बाहेर लख्ख ऊन होतं, पण जिन्यापाशी ओल्या गोणपाटाचा आणि घड्याळाच्या जुन्या तेलाचा वास दाटून आला. आतून ताईंचा आवाज येऊ लागला, संथ आणि स्वच्छ. बाबा खुर्चीत बसून फक्त हुकूम सोडत, असं त्या सांगत होत्या. मुलगी पायऱ्या धरून ठेवी. कोणीतरी तिची बोटं एकेक करून सोडवी...

ठक.

मास्तरानं मान वर केली.

"बोटं सोडवणारा तो हात बाबांचा नव्हता," ताई सांगत होत्या.

ठक ठक ठक. दाराच्या अगदी खालच्या अंगाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर.

"ताई... वाकून ठोकताय का हो?" बिनतारीनं हळूच विचारलं.

"मी उभी आहे. ठोकू दे." आणि ताईंचा आवाज चढला. ठकठकही चढली. दार हादरायला लागलं. त्या मात्र एकेक वाक्य पुरं करत गेल्या, आणि मग एकदम थांबल्या.

"वहिनी," त्या आतून बिनतारीला म्हणाल्या, "मी किती खुळी. इतकी वर्षं मला वाटलं, ते 'नको' म्हणतंय. ते दार उघडा म्हणत होतं हो."

बिनतारीनं दार ओढलं. हलेना. बाहेरची कडी लागलेली होती. इतका वेळ बिनतारी दारासमोरच उभी होती. कडीला कोणी हात लावला नव्हता.

"दादा, कडी काढ."

"मी... मी नाही लावली."

"लावायचास. रोज लावायचास. काढ आता."

मास्तराच्या कपाळावर घाम फुटला. "मी बारा वर्षांचा होतो गं... नाही म्हटलं असतं तर मला कोंडलं असतं."

"तेही लिहिलंय. काढ."

त्यानं कडी काढली. दार उघडलं. गार वाऱ्याची झुळूक तिघांच्या गुडघ्यांपाशी घोटाळली. ताई बाहेर आल्या, घामानं चिंब, पण ताठ. त्यांनी बिनतारीनं आणलेलं पाकीट फोडलं आणि शेवटच्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: छापा.

मास्तर निघून गेला.

बिनतारी सवयीनं खिडकीशी गेली. "ताई," ती जरा वेळानं म्हणाली, "दादांचा उजवा हात बघा ना..."

भर उन्हात मास्तर चालला होता. उजवा हात किंचित खाली, किंचित बाजूला, लहान मुलाचं बोट धरल्यासारखा. दोनदा त्यानं तो हात झटकला. सुटला नाही.

"बघत नाही," ताई कागद आवरत म्हणाल्या. "आत कोंडलेल्या त्या पोरीचा हात मी पन्नास वर्षं धरला होता. आता त्यानं धरावा."

कोपऱ्यावर मास्तर थांबला. कंबरेतून वाकला आणि कोणी काही सांगतंय तसा कान खाली नेला. मग मान डोलावून, स्वतःच्या घराकडे न वळता, कोणी हाताला धरून नेल्यासारखा उलट्या रस्त्यानं चालू लागला.