तीन चिठ्ठ्या आणि एक दुखरी दाढ

दातांचे डॉक्टर आले ते ओठ घट्ट मिटून. जन्मभर लोकांना 'आ करा' सांगणारा हा माणूस, पण त्याचं स्वतःचं तोंड उघडायला मावशींना दोन कप चहा खर्ची घालावा लागला.

मावशी म्हणजे खासगी तपास करणाऱ्या मावशी. खोट्याचा वास त्यांना तीन गल्ल्यांवरून येतो, असं लोक म्हणतात. तीन हा आकडा कमीच आहे. सोबतीला त्यांचे जावईबापू असतात. ते मनाने सोनं आहेत, पण गाडी जरा उशिरा सुटते. गेला आठवडाभर ते उजवा गाल धरून हिंडत होते.

डॉक्टरांनी केमिस्टकडून आणलेल्या तीन चिठ्ठ्या टेबलावर आपटल्या.

"माझं पॅड, माझा शिक्का. पण एकही मी लिहिलेली नाही!"

"गोळी कसली?" मावशींनी विचारलं.

"दुखण्यावरची. कडक. दाढ काढली की दोन दिवसांच्या सहा देतो, सातवी नाही. सवय लागली की दुखणं जातं आणि गोळी राहते. म्हणून केमिस्टला बजावून ठेवलंय, चिठ्ठीवर कुठली दाढ ते लिहिलेलं नसेल तर गोळी द्यायची नाही. फोनवर तर नाहीच. आणखी काय करू? गोळ्यांवर पहारा देऊ?"

"वाचा हो," मावशी जावईबापूंना म्हणाल्या.

"पोस्टमन, खालची डावी. शिंपी, खालची डावी. मास्तर, वरची उजवी. आणि ही सही... आई, ही सही की चिरडलेला डास?"

"तो डास कोणीही काढील," मावशी म्हणाल्या. "संशय कोणावर?"

"आमच्या मदतनीस ताईंवर. चौदा वर्षं आहेत. पॅड त्यांच्याच खणात असतं. केमिस्ट म्हणतो, गोळ्या न्यायला एक माणूस येतो. त्यांचा नवराच असणार. संध्याकाळी सहाला पोलिसात तक्रार देतोय."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "ताईंनी शपथ घेतली नाही. रडल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेव्हापासून मन खातंय."

केमिस्टचं दुकान दवाखान्याच्या खालीच होतं. तो आधीच वैतागलेला.

"चेहरा बघायला सांगतात! अहो, जिना उतरून येणारा प्रत्येक जण तोंडाला रुमाल लावलेला. दाताखाली कापूस. काही विचारलं की 'हूं हूं'. हा माणूसही तसाच. मी काय रुमाल ओढून बघू?"

"उंची?"

"बेताची. रंग बेताचा. सगळंच बेताचं."

वर दवाखान्यात पोस्टमन टाके काढायला आलेला. त्याचा उजवा गाल पपईएवढा सुजलेला होता.

"दुसरी चिठ्ठी नेली होती का?" मावशींनी विचारलं.

"मी? पहिल्या सहातल्याच दोन उरल्यात. परत आणून दिल्या," तो अर्ध्या तोंडाने बोलला.

काउंटरवरच्या काकू कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावून बसल्या होत्या.

"केसपेपर माझ्या ताब्यात. डॉक्टर आणि ताई सोडून कोणाच्या हाती देत नाही. धाकट्या साहेबांच्याही नाही. तुम्हाला देते, ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून."

मावशींनी तीन केसपेपर चष्मा लावून वाचले आणि "हं" म्हणाल्या. जावईबापूंनीही वाचले आणि तेही "हं" म्हणाले. दोन्ही हुंकारांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं.

धाकटे साहेब म्हणजे डॉक्टरांचे सख्खे भाऊ. दोन महिन्यांपासून संगणकाचं काम बघत. पेशंटच्या जबड्याचा एक्स-रे त्यांच्या पडद्यावर यायचा. जी दाढ काढायची तिच्यावर डॉक्टर लाल गोल करायचे, आणि धाकट्याने तो फोटो नावानिशी जपून ठेवायचा.

"आलोच आहोत तर आमच्या जावयाचाही फोटो काढा," मावशी म्हणाल्या. जावईबापूंच्या अंगाला तिथेच घाम फुटला.

फोटो आला. डॉक्टरांनी आतून लाल गोल केला. धाकट्याने पडदा वळवला.

"हे बघा. डावीकडची खालची. पार किडलीये."

जावईबापू ओशाळले. उजव्या गालावरचा हात त्यांनी हळूच डाव्या गालावर नेला.

"दुखतंय कुठे नक्की?" मावशींनी विचारलं.

"आतापर्यंत इकडे वाटत होतं, आई. पण यंत्र कशाला खोटं बोलेल?"

इतक्यात मदतनीस ताई आल्या. डोळे लाल, मान ताठ. पडद्यावर एक नजर टाकून म्हणाल्या, "उजवी खालची. या, बसा खुर्चीवर."

जावईबापूंचा हात मुकाट्याने परत उजवीकडे आला.

"ताई, पॅडच्या खणाला कुलूप नाही?" मावशींनी विचारलं.

"चौदा वर्षं मागतेय. दाताला लाख लाखाची यंत्रं येतात, कुलूप येत नाही. आणि चोर कोण, तर मी! माझं सोडा. पण माझा नवरा? त्या माणसाने आयुष्यात बसचं तिकीटही चुकवलं नाही हो."

साडेपाचला मावशींनी सगळ्यांना बाहेरच्या बाकांवर बसवलं. खालून केमिस्टलाही बोलावलं.

"डॉक्टर, तुम्ही चिठ्ठ्यांवरची सही बघितलीत, शिक्का बघितलात. दाढ बघितलीत का?"

"दाढ?"

"पोस्टमनची कुठली काढलीत?"

"खालची उजव... अरे!"

"चिठ्ठीवर डावी आहे. तुमच्या केसपेपरात शिंप्याचीही उजवी, चिठ्ठीवर डावी. मास्तरांची डावी, चिठ्ठीवर उजवी. चूक एकदा झाली तर घाई म्हणू. तिन्ही वेळा बरोब्बर उलटी झाली, म्हणजे लिहिणाऱ्याची नजरच तशी आहे. काकूंकडे केसपेपर आहेत, त्यांनी बरोबर उतरवली असती. केमिस्टकडे तुमची खरी चिठ्ठी आधीच येते, त्यानेही बरोबरच लिहिली असती."

"आणि ताई?" केमिस्टने विचारलं.

"एक्स-रे म्हणजे पेशंट समोर उभा असल्यासारखा. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला दिसते. हे ताईंना झोपेतही कळतं. मघाशी एका नजरेत त्यांनी 'उजवी' म्हटलं. पण ज्याला केसपेपर मिळत नाही, नुसता फोटो मिळतो, आणि ज्याला इथे येऊन दोनच महिने झालेत, तो काय म्हणेल? पडद्यावर डावीकडे, म्हणजे डावी."

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"मला वाटलं, मीच चुकीचा दुखतोय!" जावईबापू उसळले.

धाकट्याने खिशातून रुमाल काढला आणि त्यातच तोंड लपवलं.

"का रे?" डॉक्टरांचा आवाज फाटला. "माझ्याच दवाखान्यात? मी इथे एकेका गोळीसाठी लोकांशी भांडतो!"

"स्कूटरवरून पडलो तेव्हा कंबर धरली होती, दादा. तू तुझ्या कपाटातलं पाकीट दिलंस. मग दुसरं. मी म्हटलं, चिठ्ठी? तू म्हणालास, घरच्याला कसली चिठ्ठी. पाकिटं संपली. कंबर बरी झाली. मला मात्र गोळीशिवाय सकाळ उजाडेना."

"मला सांगायचं होतंस!"

"तुला? पेशंटने सातवी मागितली तर तू त्याला काय काय बोलतोस, ते रोज ऐकतो मी."

डॉक्टर मटकन बाकावर बसले.

"जगाला मोजून सहा, आणि घरात मुठीने," मावशी म्हणाल्या. त्यांनाही आज जिंकल्याचा आनंद नव्हता. "हे ओरडून सुटणारं नाही, आणि एका दिवसात तर नाहीच. सवय सोडवणारे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे उद्या सकाळी याला घेऊन जा. एकट्याला पाठवू नका. केमिस्ट, या तीन चिठ्ठ्या खोट्या म्हणून आज लेखी नोंदवा."

डॉक्टर ताईंसमोर उभे राहिले. "चुकलो. पोलिसात जात नाही. उद्या नेहमीसारख्या या."

"ते उद्या बघू," ताई एप्रन सोडत म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला तुम्ही भर जिन्यात चोर म्हणालात. खालपासून वरपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. दुपारपासून तो जेवलेला नाही. आत्ता माझ्या घरी चला, आणि दारात उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोला."

"आत्ता? तीन पेशंट बसलेत, ताई."

"कळ मारतेय त्यांना. मलाही मारतेय."

डॉक्टरांनी पेशंटांकडे पाहिलं. मग त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि ताईंच्या मागोमाग जिना उतरले. खालच्या वळणावर त्यांनी घसा खाकरला. बहुधा मोठ्याने बोलायची तयारी करत होते.