यादीतली तिसरी ओळ

लाईट गेली, वाय-फाय गेलं, म्हणून आज तुम्हाला म्हाताऱ्याची आठवण झाली. नाहीतर संध्याकाळच्या वेळी या ओट्यावर माझ्या सोबतीला फक्त डास असतात. बसा. दायाना, तो फोन खाली ठेव बाई, सारखं बघत राहिलं म्हणून रेंज येत नसते. आणि ते गुळाचं पाणी गरम आहे तोवर घ्या.

नेटवरूनच आठवलं. आपला विल्मार माहीत आहे ना? शिडी खांद्यावर टाकून अख्ख्या किब्दोत फिरत असतो, तो नेटवाला. त्याच्यासोबत घडलेलं सांगतो. त्याने मला हे याच ओट्यावर बसून सांगितलं, आणि तेव्हा तो दारूचा एक थेंबही प्यायलेला नव्हता. मी सहजासहजी कुणाचं खरं मानत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेत मी. बिघाड सांगताना गिऱ्हाईक काय काय लपवतं आणि बिघाड सापडला नाही की कारागीर काय काय थापा मारतो, सगळं पाहून झालंय.

तर नदीकाठच्या ओळीत फिदेलियाबाई राहते. फळ्यांचं घर, वर पत्रा, मागची बाजू खांबांवर, खाली आत्रातो नदी. तिचा नवरा आबेलिनो होडी चालवायचा. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात गेला. उभा जन्म रबरी बुटात काढला त्याने. डाव्या बुटाची टाच फाटली तेव्हा सायकलच्या ट्यूबचा चौकोनी तुकडा चिकटवला, पण नवे घेतले नाहीत. मला बूट घालूनच पुरा म्हणाला होता, आणि तसंच पुरलं.

एकच मुलगी त्यांची, नेइसी. ती तिकडे चिलीत, आंतोफागास्ताला, हॉटेलात खोल्या साफ करते. कागदपत्रं अडकलेली, त्यामुळे बापाच्या मातीला येता आलं नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता आईला व्हिडिओ कॉल करायची. फिदेलियाला मोतीबिंदू, फोनवर पोरीचं तोंड दिसत नव्हतं. म्हणून विल्मारने फोनवरचं चित्र मोठ्या टीव्हीवर दिसेल असं करून दिलं होतं. दिवसाची ती वीस मिनिटं, बाकी दिवस म्हणजे नुसता पाऊस.

आणि त्याच वर्षी, ऑक्टोबरात, नेमकं तेच बिघडलं.

"मावशी, नक्की होतं काय?" विल्मारने पहिल्या खेपेला विचारलं.

"काय व्हायचंय! दिवसभर तुझं नेट पळतं. सात वाजले, नेइसी आली, की तिचं तोंड उघडं ते उघडंच राहतं. दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी! मग ते गोल गोल फिरतं, आणि संपलं."

विल्मारने सगळे करतात ते केलं. राउटरची पिन काढली, तीसपर्यंत मोजलं, परत लावली. टीव्हीला जुनं नेट विसरायला लावून पासवर्ड नव्याने टाकला. फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर आहेत ना ते पाहिलं. राउटर खाली, आबेलिनोच्या फोटोमागे होता, तो उचलून कपाटावर ठेवला. झकास चालायला लागलं. संध्याकाळी सातला पुन्हा अडकलं.

दुसऱ्या खेपेला, पाच नोव्हेंबरला, त्याने राउटरच बदलला. कोरा डबा, त्याच्या हाताने खोक्यातून काढलेला. पासवर्डही बदलला. तरी सातला अडकलंच. आता फिदेलिया त्याच्या तोंडाकडे बघत उभी. मग तो म्हणाला, "मावशी, कुणीतरी तुमचं नेट खातंय."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. काही कळेनासं झालं की प्रत्येक नेटवाला हेच ठोकून देतो. माझ्या वेळी आम्ही "व्होल्टेज" म्हणायचो. पण व्होल्टेजवर कुणी रुसत नाही रे. इथे बाईची नजर थेट शेजारच्या भिंतीवर गेली.

पलीकडे पास्तोरा राहते. आपल्या मयतांना निरोप द्यायला नऊ रात्री गाते ती पास्तोरा. नेइसीच्या बाप्तिस्म्याची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. दोन घरांच्या मधल्या भिंतीतली एक फळी सैल होती. तीस वर्षं त्या फटीतून तळलेली केळी, माशाचा रस्सा, कॉफी, सगळं इकडून तिकडे गेलेलं. फिदेलियाने काय करावं? त्याच रात्री त्या फटीवर पत्रा ठोकला. वर मोठ्याने म्हणाली, "चोराला खिडकी कशाला?" पलीकडून पास्तोराने ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तिचं दार या बाजूने बंद.

आता तिसरी खेप. तारीख लक्षात ठेवा, चौदा नोव्हेंबर, मंगळवार. फिदेलियाने विल्मारला फोन करून बोलावलं, तिला काम होतं. तो पोचला तेव्हा सातला वीस कमी होते. पत्र्यावर पावसाचा असा दणका की ओरडून बोलावं लागत होतं.

"कागद आणलायस का?" ती म्हणाली.

"कसला कागद?"

"पास्तोरा माझं नेट चोरते असं लिहून दे. सही कर. उद्या वस्तीच्या मंडळात ठेवते. पोरीचा चेहरा बघते मी दिवसातून एकदा, तेवढाही सोसत नाही तिला! ओळीतून उठवते की नाही बघ."

थाप विल्मारची, आणि घर जाणार पास्तोराचं. तो म्हणाला, "थांबा मावशी, आधी यादी बघतो." राउटरला कोण कोण जोडलंय त्याची यादी त्याला स्वतःच्या फोनवर, सिमच्या डेटावरून दिसते. दोनदा येऊन गेला गाढव, पण ती एकदाही उघडून पाहिली नव्हती त्याने!

यादीत तीन ओळी होत्या.

पहिली, टीव्ही. दुसरी, फिदेलियाचा फोन. तिसरीला नाव नव्हतं. नुसती रेघ.

"बघ!" फिदेलिया ओरडली. "म्हटलं नव्हतं?"

विल्मार तसाच पावसात गेला आणि पास्तोराचं दार वाजवलं. ती त्याच्यामागून फिदेलियाच्या घरात आली. ओली, ताठ, फोन हातात. फिदेलियाकडे बघितलंसुद्धा नाही. विल्मारसमोर फोन बंद केला, स्वयंपाकघरातल्या पातेल्यात टाकला, वर झाकण ठेवलं.

"घे. आता मोज चोर."

ओळी तीनच राहिल्या.

मग विल्मारने नीट वाचलं. प्रत्येक ओळीपुढे लिहिलेलं असतं, किती वेळापासून जोडलंय. टीव्ही, चार तास. फोन, दोन तास. तिसरी ओळ... अडतीस दिवस, चौदा तास.

आता हिशेब करा. तो राउटर नऊ दिवसांपूर्वीचा. पासवर्डही नऊ दिवसांचा. त्याला अडतीस दिवसांपासून कोण जोडलेलं असणार? विल्मारने बोटं मोजली आणि म्हणाला, "सात ऑक्टोबर. पहाटे पाच. तेव्हा काय होतं, मावशी?"

पास्तोराने सांगितलं. "नववी रात्र संपली ती पहाट. आबेलिनोला निरोप दिला ती."

हसतेस काय दायाना? बरं. नसशील हसली. लाईट नसली की चेहरे कळत नाहीत.

"कोमाद्रे," पास्तोराने विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "त्या पहाटे मी सगळे दिवे विझवायला लावले होते. काळोख पूर्ण असल्याशिवाय त्याला दार सापडत नाही. सगळे विझवले होतेस ना?"

"सगळे."

"एकूण एक?"

"मेणबत्त्या, बल्ब, चूलसुद्धा..." फिदेलिया थांबली. "नेइसी फोनवर होती. तिला निदान गाणं तरी ऐकू यावं, म्हणून मी फोन टॉवेलात गुंडाळून ठेवला. राउटर चालू ठेवला. फोटोमागे."

तिघांनी कपाटावर बघितलं. राउटरचे चार हिरवे दिवे. लुकलुक.

सातला दोन मिनिटं कमी होती.

विल्मार म्हणतो, तो यादीकडेच बघत होता, कारण दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. प्रत्येक ओळीपुढे आणखी एक आकडा असतो. आकडा जितका लहान, तितकी ती वस्तू राउटरच्या जवळ. सत्तर म्हणजे एखादं घर पलीकडे. तीस म्हणजे हाताच्या अंतरावर.

तिसऱ्या ओळीपुढे एकाहत्तर होतं.

सात वाजले. कॉल आला. टीव्हीवर नेइसीचा चेहरा उमटला. "आई? दिसते का गं?"

पासष्ट.

मागच्या बाजूने, नदीकडून, फळ्या वाजल्या. चप्प... टक. चप्प... टक. ओल्या बुटाचा एक आवाज, आणि दुसरा जरा वेगळा.

अठ्ठावन्न.

"आई, ऐकू येतंय का?"

एक्कावन्न. चव्वेचाळीस.

नेइसीचं तोंड उघडं राहिलं. चित्र अडकलं.

अडतीस.

टीव्हीसमोरची खुर्ची करकरली. रिकामी होती. विल्मारने शपथेवर सांगितलं, रिकामी होती.

एकतीस.

आणि तिथे आकडा थांबला... रोज सातला तो तिथेच येऊन बसत असणार. पोरीला बघायला. आणि तो जवळ आला की चित्र अडकत असणार.

फिदेलियाने झग्याची बाही तोंडावर दाबली. पास्तोरा हळूच म्हणाली, "निरोप पुन्हा द्यावा लागेल. नीट. आत्ताच."

"तू गाशील?"

"मी? चोर ना मी?"

त्या दोघींच्या मधे ती खुर्ची. फिदेलिया तिला वळसा घालून भिंतीपाशी गेली. पत्र्याच्या कडेत बोटं घातली आणि ओढला. बोटं कापली. खिळे उपटून आले. पत्रा खाली पडला.

"चुकले मी, कोमाद्रे," ती रडत म्हणाली. "फार चुकले. मला पोर दिसत नव्हती, म्हणून मी तुझ्याबाबतीत आंधळी झाले."

पास्तोराने तिचं रक्ताळलेलं बोट स्वतःच्या डोक्याच्या रुमालात धरलं. "चल. रडणं नंतर. विल्मार, तुझा तो डबा."

बल्ब बंद केला. टीव्ही बंद केला. तिन्ही फोन पूर्ण बंद. विल्मारने राउटरची पिन उपसली. हिरवे दिवे गेले. रस्त्याकडचं दार सताड उघडलं. फिदेलिया दाराच्या एका बाजूला, विल्मार दुसऱ्या. पास्तोराने गायला सुरुवात केली.

आता बोलायचं नाही. नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की तो वळतो.

विल्मारने सवयीने मनात मोजायला घेतलं. एक. दोन. तीन...

अकराला खुर्ची करकरली.

बाराला... चप्प.

टक.

पंधरा. सोळा. फिदेलियाचा श्वास ऐकू येत होता. तिच्या ओठांवर नाव आलं होतं, विल्मारला कळत होतं.

चप्प... टक.

एकोणीस.

त्याच्या हातावर गार वाफ आली. नदीच्या चिखलाचा वास. अगदी समोर. थांबलेला.

बावीस.

तेवीस.

फिदेलियाने ओठ चावले. नाव घेतलं नाही.

चोवीस... आवाज दाराबाहेर गेला, आणि मग फक्त पाऊस.

तीसला विल्मारने पिन लावली. अंधारात दोनदा चुकली. दिवे आले. फोन, टीव्ही चालू केले. त्याने यादी उघडली. दोन ओळी.

सात वाजून चौदा मिनिटांनी नेइसीचा कॉल पुन्हा आला. चित्र लख्ख. पण ती आईशी बोलतच नव्हती, मागे कुणाशी तरी भांडत होती.

"अहो नाही आणलं मी कुणाला! एकटीच आहे खोलीत!" मग कॅमेऱ्याकडे वळली. "आई, बघ ना ही घरमालकीण. म्हणते चोरून भाडेकरू ठेवलास. म्हणते ही घाण कुणाची? मला काय माहीत कुणाची! इथे दोन वर्षांत पावसाचा थेंब पाहिला नाही मी."

तिने फोन खोलीच्या दाराबाहेर, खाली फरशीवर धरला. फिदेलियाने टीव्हीजवळ डोळे नेले आणि तिथेच गुडघ्यांवर बसली. पास्तोराने तिचे खांदे धरले.

विल्मारने तो पडदा फोनवर टिपून ठेवला. मला दाखवला. मी म्हटलं, पाणी सांडलं असेल. मी म्हटलं, घरमालकीण खोटारडी असेल. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

पण मी आबेलिनोचे बूट ओळखतो. जिन्यापासून चिखलाची ओली पावलं आलेली. डाव्या टाचेत चौकोन. नेइसीच्या उंबरठ्यापर्यंत येऊन आत गेलेली.

परतीचं एकही पाऊल नाही.