मचूळ

"ई! मचूळ पाणी!" म्हणत जुईनं तोंडातला घोट अंगणातच थुंकला.

हेमांगीला हसूच आलं. समुद्रानं बांध फोडून शेतं, तळी सगळी खारवली, पण गावातल्या तांडेलांची विहीर तेवढी गोड राहिली होती. त्या पाण्याला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती, आणि ही तिची सहा वर्षांची भवानी म्हणे मचूळ! "नाटकं पुरेत, मुकाट्यानं पी," असं दटावून ती आत वळली.

गावात हेमांगीचं कोण कौतुक! खारवलेल्या तळ्यांत तिनं चक्क रोहू जगवला होता. रोहू हा गोड्या पाण्यातला जीव. खाऱ्या पाण्यात टाकला की त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि बिचारा तडफडून मरतो. समुद्रातल्या माशांना त्यांची संप्रेरकं हुकूम सोडतात: खारं पाणी पी, मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाक. हेमांगीनं तोच हुकूम देणारं नवं संप्रेरक खाद्याच्या गोळीत घातलं आणि माशाच्या पोटात ते पचून जाऊ नये म्हणून मुद्दाम चिवट बनवलं.

जेवणाची पानं मांडली तरी जुईचा पत्ता नव्हता. इतक्यात बांधावरून हेमांगीच्या नवऱ्याची, दत्तारामची हाक आली. "हेमा, धाव गं! पोरगी खाडीचं पाणी पितेय!"

जुई उकिडवी बसून ओंजळीनं घटाघटा पीत होती. "आई, हे गोड आहे," ती म्हणाली. हेमांगीनं तिला उचललं. पोरीच्या कानांमागं, मानेवर मिठाचा पांढरा थर जमला होता. माणसाला कल्ले नसतात, पण तोच हुकूम मिळालेल्या या अंगानं मीठ टाकायला दुसरी वाट शोधली होती.

"तू तर मासा तपासला होतास ना?" दत्तारामनं विचारलं.

"तपासला रे! साफ करून, तुकड्या करून, कच्चा, शिजवलेला, सगळा तपासला."

"आणि गाबोळी?"

प्रयोगशाळेत मासा साफ करताना पोटातलं सगळं काढून टाकत, अंड्यांनी भरलेली गाबोळीसुद्धा, आणि ते चिवट संप्रेरक साठलं असणार ते तिथंच. इथं मात्र गाबोळीवर पहिला हक्क पोरांचा. तिनं स्वतःच्या हातानं, लाडानं, जुईला ती भरवली होती.

घरी आणून तिनं जुईला बळंच विहिरीचं पाणी पाजलं. थोड्याच वेळात पोरीचे डोळे फिरले, हातपाय ताठरले. झटका ओसरला तसं हेमांगीनं घाबऱ्या घाबऱ्या तालुक्याला फोन लावला. रुग्णवाहिका निघाली होती, पण वाटेतला रस्ता भरतीच्या पाण्याखाली होता.

"ही मीठ टाकतच राहिली तर गोडं पाणी हिला मारेल," ती रडत म्हणाली. "आणि माझा अंदाज चुकला असेल तर खारं मारेल. देवा, काय करू मी?"

दत्तारामनं दोन तांबे भरून आणले, एक विहिरीचा, एक खाडीचा. घाईत कुठला कुठला हे हेमांगीला कळेना. तिनं एकातला घोट घेतला. मचूळ. दुसऱ्यातला घेतला आणि तिला हायसं वाटलं.

"हा विहिरीचा," ती म्हणाली.

दत्तारामनं तांबा तिच्या हातातून काढून घेतला. "हेमा, तो खाडीचा आहे."

जुईच्या ताटात उरलेली गाबोळी रोज कोण संपवायचं, ते तिला आठवलं.

"आई, तहान लागलीय गं," जुई क्षीण आवाजात म्हणाली.

हेमांगीच्याही घशाला कोरड पडली होती. कुठला तांबा विहिरीचा ते दत्ताराम सांगेल, पण आता दोघींपुढं कुठला धरायचा, हे कुणाच्या जिभेला विचारायचं?